केळीचं बेणं : आधी मूळ झाड पाहा



रावेर-यावल पट्ट्यात मृग बागेची तयारी सुरू झाली, की पारावर एकच विचारणा होते : "बेणं कुठलं?" उत्तर ठरलेलं असतं. पाहुण्यांच्या मळ्यातलं, नाहीतर अमक्या नर्सरीतलं. पण मळा कुणाचा, यापेक्षा कंद कोणत्या झाडाचा, हे विचारायला हवं.

आपल्या केळीला बी धरत नाही. पील किंवा मुनवा म्हणजे मूळ झाडाचाच पुढचा अवतार. खाण तशी माती. घडाची ठेवण, फण्यांची भरण जशी पिलात उतरते, तसे रोगही उतरतात. हरण्या आणि पर्णगुच्छाचे विषाणू, मर रोगाची बुरशी, सोंड्याच्या अळ्या, सूत्रकृमी, हे सगळे कंदाबरोबर आपल्या शेतात येतात. विषाणूवर औषध नाही. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. तिचा टीआर-४ हा जहाल प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे, आणि ग्रँड नैन ही जात त्याला बळी पडते. म्हणून लांबून आलेल्या स्वस्त कंदांच्या गाडीपासून चार हात दूर राहा.

हरण्याचं एक कसब नीट ध्यानात घ्या. पावसाळ्यात, ढगाळ आणि गार हवेत तो पानांवर पिवळसर पट्टे दाखवतो, पोंगा सडवतो. कडक उन्हात हीच लक्षणं दबतात. आणि आपण कंद पाहायला जातो मे महिन्यात! तेव्हा बाग हिरवीगार दिसते आणि आपण फसतो. म्हणून ज्या बागेतून बेणं घ्यायचं, ती आदल्या पावसाळ्यातच फिरून पाहा. पुढे बाग निसवली, घड भरला, की उत्तम झाडांवर चुन्याची खूण करा. कंद फक्त त्याच झाडांचे घ्या.

आता कंदाची निवड. तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे घ्या. रुंद पानांचे, वरवर पोसलेले मुनवे दिसायला चांगले, पण त्यांचा कंद कमजोर असतो. वय तीन ते चार महिने, वजन साधारण ४५० ते ७०० ग्रॅम असावं. मुळ्या छाटून, वरची साल तासून कंद उघडा पाडा. आत तांबूस-तपकिरी चट्टे किंवा पोखरलेली भुयारं दिसली, तर तो कंद बाजूला टाका. निरोगी कंद बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. औषध आणि त्याचं प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच ठरवा, आणि हातमोजे घाला. लहान-मोठे कंद वेगवेगळे लावा, म्हणजे बाग पुढे-मागे निसवणार नाही.

कंदाऐवजी टिश्यू कल्चरची रोपं घेतली, तर ती महाग पडतात, हे खरं. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेच्या वर रोपं लागतात, आणि पैसा आधी मोजावा लागतो. पण बाग जवळजवळ एकाच वेळी कापणीला येते, त्यामुळे गाडी भरून माल देता येतो. लहान शेतकऱ्याला हा फायदा मोठा आहे. मात्र टिश्यू म्हणजे रोगमुक्तच, असं धरून चालू नका. तिथेही मूळ झाडाची विषाणू तपासणी झालेली असावी लागते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून या रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी केली आहे. तेव्हा प्रयोगशाळेचं नाव, तुकडीचा क्रमांक आणि पक्कं बिल मागा. रोप फूटभर उंच, पाच-सहा पानांचं, पांढऱ्या मुळांचं हवं. खुजी किंवा चित्रविचित्र पानांची रोपं जागेवरच परत करा.

लागवडीनंतरही मावा हरण्या आणू शकतो. म्हणून बागेत आणि बांधालगत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी लावू नका. पट्टे दिसलेलं झाड कंदासकट उपटून नष्ट करा.

ज्यांना सगळं क्षेत्र टिश्यूवर नेणं परवडत नाही, त्यांनी थोड्या जागेत खात्रीची रोपं लावावीत, त्यांची वर्षभर निगराणी करावी आणि पुढचं बेणं तिथून निवडून घ्यावं. घरचं बेणं स्वस्त पडतं आणि त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

खत चुकलं तर पुढच्या हप्त्यात सुधारता येतं, पाणी चुकलं तर पुढच्या पाळीला. बेणं चुकलं, तर पूर्ण हंगाम जातो. म्हणून सौदा करण्याआधी मळ्यात जा, मूळ झाड पाहा आणि मगच पैसे मोजा.