इम्प्लांट दुखत नाही, म्हणूनच लक्ष द्या

आजचा विषय आहे डेंटल इम्प्लांट. बाइकवरून पडून दात गमावलेला मित्र असो की घरातले आई-बाबा, इम्प्लांट बसवलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. आणि एकदा बसवलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं: "टायटॅनियम आहे, त्याला काय होतंय!"

हे अर्धंच खरं आहे. टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये गोस्टा लार्सन यांना बसवलेले इम्प्लांट लार्सन २००६ मध्ये वारले तोवर टिकले. प्रश्न स्क्रूचा नाहीये, तो ज्या हाडात रुतलाय त्या हाडाचा आणि भोवतीच्या हिरडीचा आहे.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो. भातात खडा आला की लगेच कळतं ना, ते त्याच्यामुळे. इम्प्लांट थेट हाडाला धरतो, मध्ये हा थर नसतो. हिरडीची पकडही तितकी घट्ट नसते. म्हणून कडेला साचलेला प्लाक खाली उतरतो, आणि सुरुवातीला बऱ्याचदा काहीच दुखत नाही!

मग कळणार कसं? रक्तावरून. ब्रश करताना तिथे रक्त आलं, हिरडी लाल किंवा सुजलेली दिसली, की डेंटिस्टकडे जा. सूज फक्त हिरडीत असेल, तर नीट सफाईने उतरू शकते. पण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. इम्प्लांटच हलायला लागला, तर तो बहुतेक वेळा काढावा लागतो.

रोज काय करायचं? दोन वेळा मऊ ब्रश, हिरडी आणि कॅप जिथे भेटतात त्या कडेवरून. रात्री फटीतून इंटरडेंटल ब्रश. त्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण हवं आणि माप डेंटिस्टकडून घ्यायचं. ब्रिज असेल तर खालून सुपरफ्लॉस. वॉटर फ्लॉसर जोडीला चालेल, ब्रशऐवजी नाही. टाचणी, मिश्री, खरखरीत दंतमंजन बंद. सिगारेट-गुटखा तर नकोच. डायबेटिस असेल तर शुगर आटोक्यात ठेवा.

आणि साधारण दर ६ महिन्यांनी तपासणी, काही दुखत नसलं तरी. आज घरी आई-बाबांना एवढंच विचारा, "ब्रश करताना तिथे रक्त येतं का?" भेटू पुढच्या भागात!