ती कुणाची? कागद विचारतो, बाईने सांगायचं

(स्त्री कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मागे वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला. "तुम्ही तुमच्या वडिलांची मुलगी आहात, असं सांगणारा सरकारी कागद तुमच्याकडे आहे का?" बाया हसल्या. मग एकेक जण बोलू लागली. कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, तर आधार कार्ड सासरच्या. कुणी शाळेची पायरीच चढलेली नाही. एकीचं तर पहिलं नावच लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, जुनं तिथेच राहिलं. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "आम्ही कुणाच्या लेकी ते अख्खं गाव सांगेल की! कागद कशाला?"

आसाममधल्या बायांनाही असंच वाटत होतं.

आसाममध्ये नागरिकत्व ठरवण्याची तारीख आहे २४ मार्च १९७१. आपले आईवडील किंवा आजीआजोबा त्याआधीपासून इथे राहत होते, हे दाखवायचं. आणि आपण त्यांचंच मूल आहोत, हेही दाखवायचं. बाई अडते ती या दुसऱ्या पायरीवर. ती घरी जन्मली, म्हणून जन्मदाखला नाही. शाळेत पाठवली नाही, म्हणून शाळेचा दाखला नाही. मतदानाच्या वयाआधीच लग्न झालं, म्हणून मतदार यादीत नाव प्रथम आलं ते सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावापुढे. भावाकडे वडिलांच्या जमिनीचा कागद असतो. बहिणीला जमिनीत वाटा नाही, म्हणून कागदातही नाही.

अशा बायांना एकच आधार होता. 'ही अमक्याची मुलगी, लग्न होऊन तमक्या गावी गेली' असा ग्रामपंचायत सचिवाचा दाखला. नागरिक नोंदणीच्या वेळी सुमारे ४८ लाख जणांनी तो जोडला होता, आणि त्यांत बहुसंख्य विवाहित स्त्रिया होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो अग्राह्य ठरवला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणीच्या अटीवर, तो पुन्हा मान्य केला. मधले नऊ-दहा महिने त्या घरांमध्ये काय झालं असेल, याची कल्पना करा. ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी आली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर होती.

इथे कायद्याची एक मेख समजून घेऊ या. चोरीचा आरोप असेल तर तो सरकारने सिद्ध करायचा असतो. 'तू परदेशी आहेस' हा आरोप मात्र आपणच खोडून काढायचा. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात हे कलम होतं. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, कलम तसंच राहिलं. ज्या बाईला घराने कधी कागद दिला नाही, तिलाच न्यायाधिकरण विचारतं, कागद कुठे आहे?

नाही दिला, तर कोठडी. २०२३ मध्ये गोलपाडा जिल्ह्यातल्या मातिया इथे वेगळं केंद्र सुरू झालं. तोवर ही माणसं तुरुंगांच्याच एका भागात ठेवली जात, आणि अनेक बाया कोक्राझारच्या तुरुंगात होत्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या वतीने हर्ष मंदर जानेवारी २०१८ मध्ये तिथे गेले होते. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या, मुलं नातेवाइकांकडे, असं त्यांना दिसलं. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख माहीत असते, पॅरोल मिळतो. या बायांना दोन्ही नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीन वर्षांनंतर सुटकेची वाट मोकळी केली, पण प्रत्येकी एक लाखाचे दोन जामीनदार आणायला सांगितले. २०२० मध्ये मुदत दोन वर्षं आणि रक्कम पाच हजार झाली. तरी जामीनदार शोधणार कोण? खटल्यात जमीन विकलेला नवरा, की तिचं नाव काढायलाही घाबरणारं माहेर? मे २०२५ पासून तर आसाममधून माणसांना थेट सीमेपलीकडे ढकलल्याच्या बातम्या आल्या. त्यांत बायाही होत्या, आणि काहींना परत आणावं लागलं.

आता थोडं अवघड बोलते. 'त्या तर आपल्याच आहेत, चुकून अडकल्या' एवढंच म्हणून आपण थांबतो. मग जी खरोखरच सीमा ओलांडून आली तिचं काय? कामाच्या आमिषाने आणून विकलेली मुलगी मुंबईच्या छाप्यात सापडते, तेव्हा ती पीडित की आरोपी? अशा स्त्रीवर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, अशी सूचना केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्येच राज्यांना दिली होती. पण ठाण्यातल्या शिपायाला ती माहीत असतेच असं नाही. आपल्याला माहीत असायला हवी. ती कुठली, हे ठरेल तेव्हा ठरेल. तोवर तिला वकील मिळणं, दुभाषी मिळणं, लेकरू जवळ असणं, हे तिचे हक्क आहेतच.

आपल्या चळवळीला हा लढा नवा नाही. परित्यक्तांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, तेव्हा त्यांना विचारलं गेलं, कुटुंबप्रमुख कोण? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव बंधनकारक झालं, तेही अनेक वर्षं मागत राहिल्यावर.

म्हणून आपापल्या गटात एक काम करू या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीचे कागद एकत्र काढून बघू या. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा कागद आहे का? नसेल तर तो आजच, कुणी मागण्याआधी, मिळवू या. आणि कुणाच्या दारात पोलीस कागद मागायला आले, तर ती बाई एकटी ठाण्यात जाणार नाही, एवढं ठरवू या.

त्या मावशींचं म्हणणं चूक नव्हतं. आम्ही कुणाच्या ते गावाने सांगावं. पण तोवर गाव म्हणून तिच्या शेजारी आपण उभं राहायला हवं.