देवाच्या राज्याची वाट



मी ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. कामगार संघटनेच्या कामातून सवड काढून वाचनालयात जे वाचले, तेवढ्या शिदोरीवर बोलणार आहे. देवाचे राज्य येणार ही ख्रिस्ती माणसाची आशा त्याला दुःखात उभे करते की निजवून ठेवते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या चळवळीत या आशेवर जुना आरोप आहे. परलोकीच्या सुखाचा वायदा करून इहलोकीची मजुरी बुडवली जाते, असे आम्ही म्हणत आलो. तसे पुष्कळ ठिकाणी घडलेही आहे. परंतु मूळ ग्रंथात काय आहे? येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत देवाचे राज्य मागितले आहे आणि पाठोपाठ आजची भाकरी. थेस्सलनीका येथील मंडळीत प्रभूचा दिवस आलाच अशी हूल उठली होती, आणि काही लोक कामधंदा सोडून बसले होते. पौलाच्या नावाच्या पत्रात त्यांना चांगलेच खडसावले आहे. पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता. रोमकरांस लिहिताना तो सृष्टीच्या कण्हण्याला प्रसूतिवेदनांची उपमा देतो. वेणा खऱ्याच असतात, पण त्या वेळी सुईण हात बांधून बसत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. तरुणपणीच दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. पुढे भाऊ गेला आणि 1882 मध्ये पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून त्यांच्यावर केवढे काहूर उठले हे आपण जाणताच. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. घरातली माणसे एकेक करून गेली, पण हातातले काम थांबले नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कोकणातलेच, करजगावचे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ज्या राज्याची वाट पाहावयाची, त्याची रीत आजच आचरणात आणावी, असा त्याचा अर्थ मी घेतो.

पेण-रोह्याला ही वाट पाहणे परके नाही. दोन्ही गावांत बेने इस्राएलांची प्रार्थनामंदिरे आहेत. मसीहाच्या आधी येणाऱ्या एलियाहू नबीच्या नावाने ते मलिदा करतात, आणि हेच लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे तेलाचे घाणे चालवीत होते. आपला शेतकरीही मृगाची वाट पाहतो, पण वैशाखात तो राब भाजतो आणि खारभूमीचा बांध दुरुस्त करतो. पाऊस त्याच्या हातचा नाही. बांध मात्र आहे.

एक अवघड गोष्ट उरते. 1982 च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. कोकणातल्या कित्येक घरांनी त्याच्या निकालाची वाट पाहिली, आणि पुष्कळांचे डोळे वाट पाहतानाच मिटले. ज्याच्या हयातीत न्याय आला नाही, त्याला आमची संघटना काय देणार? पुढच्या पिढीला मिळेल, एवढेच आम्ही म्हणतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, गेलेल्यालाही मिळेल. देव त्याला विसरलेला नाही. माझी बुद्धी तिथवर जात नाही. पण अशा श्रद्धेने जो आज उपाशी माणसाच्या दारी जातो, त्याला भोळा म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याच्याबरोबर चार पावले चालणे मला जमते, आणि आपणही चालावे एवढीच विनंती आहे.