कोलॅजेनच्या गाठी आणि बालकाचा कणा

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी वैद्य नव्हे. माहिती खात्याचा एक सेवक आहे. तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

त्वचा, अस्थी, अस्थिबंध व रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. तीन पेड वळून चऱ्हाट करावे, तशी त्याची रचना असते. परंतु नुसता पीळ पुरेसा नाही. असे दोर शेजारी शेजारी ठेवून आडव्या गाठींनी बांधले जातात, तेव्हाच ते ताण सोसतात. या गाठी पक्क्या बसाव्यात म्हणून लायसिल हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर कोलॅजेनमधील लायसिन या अमिनो आम्लास ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट जोडून ठेवते. या कामी त्यास लोह व क जीवनसत्त्व लागते.

हे विकरच जन्मतः सदोष असेल तर? १९७२ साली अमेरिकेत पिनेल, क्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन बहिणींच्या विकाराचा शोध घेतला. त्यांच्या त्वचेच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिलायसिन अत्यल्प आढळले आणि पेशींतील या विकराची उणीव उघड झाली. एहलर्स-डॅनलॉस विकारसमूहातील हा एक दुर्मिळ प्रकार होय. बालक जन्मतः लुळे वाटते, मान उशिरा धरते, सांधे अतिशय सैल असतात, कण्याला बाक येऊन तो एका बाजूस वळतो. डोळ्याचा गोल नाजूक असतो. किरकोळ माराने तो फुटू शकतो. क्वचित रक्तवाहिनीही फाटते.

अशा मुलाला आपण आळशी म्हणतो आणि दोष मातेच्या माथी मारतो. दोन्ही अन्याय आहेत. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही आलेला असतो. ते स्वतः निरोगी असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. मामेबहिणीशी विवाहाची रूढी असलेल्या आपल्या समाजाने हे ध्यानी घ्यावे, कारण नात्यातील विवाहात असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

विकार समूळ बरा करणारा उपचार नाही. तथापि मूत्राच्या विशेष तपासणीने व जनुकतपासणीने निदान होते. व्यायामोपचार, कण्याची शस्त्रक्रिया, डोळ्यांचे रक्षण व हृदयाची नियमित तपासणी यांनी आयुष्य सुसह्य होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या दिवशी असे मूल घरी राहणार नाही, एवढे पाहणे शिक्षकांच्या व पंचांच्या हाती आहे. कवायतीत मागे पडणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पाठीवरून एकवार हात फिरवून पाहा, हीच माझी नम्र विनंती.