स्टेपनीतल्या पान्यांचे मोल
(अध्यक्षीय भाषण)



जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या या परिषदेने यंदा गाडीऐवजी गाडीबरोबरचे सामान चर्चेला घेतले, हे फार बरे झाले. इंजिन आणि चासीवर क्रमांक कोरलेला असतो, आरसी बुकात तो नोंदलेला असतो; लबाडी करणाऱ्याला तिथे अडवता येते. टूलकिट, जॅक, रेडिओ, बॅगा, जादा पैसे मोजून घेतलेली चाके यांच्यावर असा पहारा नसतो. गाडी हात बदलत जाते तशा या वस्तू एकेक करून गळतात आणि पुढे भलत्याच गाडीत जाऊन बसतात. म्हणून त्यांचे मोल सांगताना आधी त्यांचा त्या गाडीशी संबंध तपासावा लागतो. दुर्मिळपणा आणि चकाकी यांचा विचार त्यानंतर.

मर्सिडीजची ३०० एसएल १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली. वर उघडणाऱ्या दारांच्या या गाड्या १९५७पर्यंत अवघ्या १,४०० बनल्या. पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी यांनीच डिकी अडवल्यामुळे प्रवासाचे सामान आसनांच्या मागे ठेवावे लागे, आणि त्या जागेच्या मापाच्या चामडी बॅगा कार्ल बाइशकडून मिळत. मधल्या एकाच नटावर बसणारी रज चाके जादा किमतीत घेता येत. आज अशा मूळ बॅगा किंवा चाके गाडीसोबत असली, की खरेदीदाराचे डोळे लकाकतात. व्हॅल्युअरने मात्र त्या क्षणी गाडीचे कारखान्यातले नोंदपत्रक मागावे. गाडी कोणत्या रंगात आणि कोणत्या जादा सामानासह बाहेर पडली, ते त्यात लिहिलेले असते. पत्रकात रज चाके असतील, तर ती त्या गाडीच्या जन्माची साक्ष आहेत. पत्रकात नसतील आणि चाके अस्सल, त्याच काळातली असतील, तर त्यांची बाजारातली किंमत द्यावी. गाडी मात्र त्यामुळे अधिक दुर्मिळ ठरत नाही. अहवालात गाडीची आणि चाकांची किंमत असे दोन आकडे वेगळे लिहिले, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

पोर्शच्या ३५६ मॉडेलचा मामला अधिक नाजूक आहे. १९४८ ते १९६५ या काळात या मालिकेच्या सुमारे ७६,००० गाड्या तयार झाल्या. हर्मान त्सेर्व्हर यांनी १८६८मध्ये रेमशाइड येथे सुरू केलेल्या हॅझेट कंपनीने स्टेपनीच्या मधल्या पोकळीत चपखल बसणारी एक गोल पत्र्याची पेटी काढली होती. आत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आपापल्या खाचेत. संग्राहक या पेटीसाठी जीव टाकतात, आणि ते रास्तच आहे, कारण इतकी नेटकी वस्तू क्वचितच घडते. पण हीच पेटी फोक्सवॅगनच्या बीटलमध्येही जात असे. तेव्हा पेटीवरून ‘ही पोर्शची’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले, तर पुरावा मागायलाच हवा. दुसरी अडचण जमवलेल्या संचाची. पेटी एका घरातली, पाने दुसऱ्या गावातले, पक्कड नंतरच्या काळातली. प्रत्येक नग खरा, तरीही संच मूळ नाही. एकेका पान्यावरचा ठसा, अक्षरांची धाटणी, मुलाम्याची झीज सारखी आहे का, हे भिंगाखाली पाहावे लागते. सगळे पाने नवेकोरे आणि एकच गंजलेला, किंवा याच्या उलट, असे दिसले तर सावध व्हावे.

ठशांवरून आठवण होते ती फुक्स चाकांची. १९६७च्या मॉडेलच्या पोर्श ९११ एसबरोबर आलेली ही चाके धातू ओतून नव्हे, दाबून घडवलेली. चाकाच्या मागच्या बाजूला भागाचा क्रमांक आणि तारखेचा ठसा असतो. तो गाडीच्या जन्मतारखेशी ताडून पाहता येतो. एवढी सोय क्वचितच कोणत्या वस्तूत असते! आणि तरीही हौसेपोटी मूळ ॲनोडाइझ्ड थर खरवडून आरशासारखे पॉलिश करणारे अजून भेटतात. तो थर पुन्हा चढवता येतो, पण कारखान्यातला थर एकदाच मिळतो. थोडा फिका, थोडा चरे पडलेला मूळ पृष्ठभाग चकचकीत दुरुस्तीपेक्षा वरच्या भावाला धरावा, असे या व्यासपीठावरून आग्रहाने सांगणे जरूर आहे.

कारखान्याने न दिलेल्या वस्तूंना कमी लेखण्याचीही एक खोड आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या कॉन्शोहॉकेनची जडसन कंपनी १९५०-६०च्या दशकांत बीटल, एमजीए आणि ३५६ यांसाठी सुपरचार्जर विकत होती. पट्ट्यावर फिरणारे ते यंत्र मालक स्वतःच्या गॅरेजमध्ये बसवत. त्याला वंगण पुरवणारी काचेची बाटली सर्वांत आधी फुटते किंवा हरवते. ती जागेवर असेल तर संचाचा भाव वेगळा. असे यंत्र त्या काळच्या पावतीसह, जुन्या फोटोसह आले, तर त्याला परके मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या तरुणांनी गाडीवर कसे प्रेम केले, त्याची ती नोंद आहे.

भाव काढण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांची गल्लत नको. लिलावात गाडी सामानासकट विकली जाते. दोन गाड्यांच्या भावातला सगळा फरक एका टूलकिटच्या खात्यावर टाकणे चुकीचे आहे. रंग, इंजिन, आधीचे मालक, दुरुस्तीचा दर्जा, सगळेच त्या फरकात मिसळलेले असते.

आपल्याकडे २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या नोंदणीची सोय केली. वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही तिची अट. सामानाची मोजदाद त्यात नाही, ती व्यवसायानेच करायची आहे. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या गाड्यांचे दिवे, बोधचिन्हे, पाने विकायला येतात. त्यातली एखादी वस्तू कुठल्याशा गाडीच्या इतिहासाचे सुटलेले पान असू शकते; विकत घेताना दुकानदाराला ती कोणत्या गाडीतून आली, एवढे विचारून लिहून ठेवले तरी फार.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१३मध्ये मान्य केलेली ट्यूरिन सनद बदललेले भाग ओळखता यावेत, असा आग्रह धरते. परिषदेनेही या अधिवेशनात एक साधा नमुना मंजूर करावा: गाडीसोबतच्या प्रत्येक वस्तूचा ठशासह फोटो, ती कारखान्याची, त्या काळी बाहेरून घेतलेली, नंतर जोडलेली की नव्याने घडवलेली प्रतिकृती, आणि हे कशावरून ठरवले त्याचा कागद. प्रतिकृती वाईट नसते. तिच्यावर तशी खूण हवी. गाडी डेंटिंग-पेंटिंगला देण्यापूर्वी डिकी रिकामी करतानाच हा तक्ता भरला जावा, कारण वस्तूंची पांगापांग बहुधा तिथूनच सुरू होते.