अंतराळवीरांचा शिधा
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



‘अंतराळात राहणारी माणसे जेवतात काय, आणि ते तेथे कोण पोचविते?’ असा प्रश्न वर्गातील एखाद्या मुलाने केला, तर तो थट्टेवारी नेऊ नये. त्या साध्या प्रश्नात विज्ञानाचा एक मोठा धडा आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते. नोव्हेंबर २००० पासून तेथे अखंड मनुष्यवस्ती आहे. बरेचसे पाणी तेथेच शुद्ध करून पुन्हा वापरतात. परंतु अन्न, इंधन व सुटे भाग पृथ्वीवरूनच न्यावे लागतात.

हे काम चालकाविना जाणारी मालवाहू याने करतात. त्यांतील पहिले यान सोविएत रशियाचे ‘प्रोग्रेस-१’ होय. जानेवारी १९७८ मध्ये सुमारे २.३ टन माल घेऊन ते निघाले आणि दोन दिवसांनी ‘साल्युत-६’ स्थानकास आपोआप जोडले गेले. यानात माणूस नसला, की त्याच्यासाठी आसन, हवा व सुखरूप परतीची व्यवस्था लागत नाही. ती जागा मालास मिळते. माल उतरविल्यावर अशा बहुतेक यानांत कचरा भरतात आणि ती वातावरणात जाळून टाकतात.

आता या व्यवस्थेची कसोटी पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सिग्नस’, एप्रिल २०१५ मध्ये ‘प्रोग्रेस’ व जून २०१५ मध्ये ‘ड्रॅगन’ अशी तीन मालवाहू याने आठ महिन्यांत नष्ट झाली. तरीही स्थानक ओस पडले नाही. काही महिने पुरेल इतका साठा तेथे आधीच राखलेला होता. याने निरनिराळ्या देशांची व निरनिराळ्या बनावटीची असल्याने सर्व मार्ग एकदम बंद झाले नाहीत. जुलै २०१५ च्या आरंभी दुसरे ‘प्रोग्रेस’ तेथे सुखरूप पोचले. यानांत माणसे नसल्यामुळे मनुष्यहानीही टळली.

हा पाठ शिकविण्यास उपकरणे लागत नाहीत. स्थानकाच्या दिवसभरात किती प्रदक्षिणा होतात, हे मुलांकडून काढून घ्यावे; उत्तर १६ येईल. आपल्या घरी आठवड्यास किती धान्य लागते, ते त्यांना मोजून आणावयास सांगावे. त्यावरून सात माणसांच्या सहा महिन्यांच्या शिध्याचा हिशेब फळ्यावर मांडावा. मग विचारावे, ‘येणारे यान आलेच नाही, तर?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे. शिल्लक का राखावयाची, हे त्यांस पाठ करून सांगावे लागणार नाही.

वीराचे नाव सर्वांस ठाऊक असते. त्याचा शिधा बांधणारे हात अज्ञात राहतात. त्या हातांचाही आदर मुलांच्या मनात रुजावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.