पदक मिळाले, हक्क मिळाला काय?

(उल्हासनगर कॅम्प ५ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



उल्हासनगरचे नाव काढले की बाहेरचा माणूस हमखास एक विनोद सांगतो. मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ शिक्क्याचा अर्थ म्हणे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे येथील लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि तुटपुंज्या भांडवलावर त्यांनी छोटे कारखाने उभारले, हे त्या विनोदात कोणी सांगत नाही. परकी वस्तू उघडून तिचे मर्म ओळखणे आणि हाताशी असलेल्या साधनांतून तशी वस्तू घडविणे, यास बुद्धी लागते. ती प्रयोगशाळेत दिसली तर संशोधन ठरते, गाळ्यात दिसली तर नक्कल.

शेतातही हाच न्याय चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले दलित अल्पभूधारक. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि हंगामामागून हंगाम निवड करीत बारीक दाण्याचे वाण स्थिर केले. बाजारात त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव पडले, एच.एम.टी. पुढे कृषी विद्यापीठाने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. वाणाचे शुद्धीकरण विद्यापीठाने केले, असा त्याचा दावा. शुद्धीकरण हेही श्रमाचे काम आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या नावात विद्यापीठ आहे, घड्याळाची कंपनी आहे, शेतकरी तेवढा नाही!

मानसन्मान नंतर आले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले. अखेरचे आजारपण हलाखीतच गेले.

असे का व्हावे? धानाचे बियाणे शेतकरी स्वतःच्या पिकातून राखतो, शेजाऱ्यास देतो. पहिल्या निवडकर्त्याकडे मोबदला परतण्याची वाट बाजारात नसते. म्हणून बियाणे कुलपात घालावे, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. मोबदला सार्वजनिक निधीतून यावा, ही मागणी मात्र रास्त आहे. वाण नोंदविण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला, तोवर दादाजींचे बियाणे सर्वदूर गेले होते.

कारखान्यातील कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोधकर्त्याचे नाव पेटंटवर नमूद होऊ शकते. मात्र त्या उल्लेखाने कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणजे नाव घ्या आणि घरी जा! जर्मनीत १९५७ पासून नोकराच्या शोधाचा वाजवी मोबदला देणे मालकावर बंधनकारक आहे. तो काही समाजवादी देश नव्हे.

तसा कायदा येथे होईपर्यंत कामगार संघटनांनी वेतनकरारातच हे कलम घालून घ्यावे. यंत्रात सुधारणा सुचविणाऱ्याचे नाव लेखी नोंदले जावे आणि बचतीतला वाटा त्यास मिळावा. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार बहुधा अशा करारांबाहेरच राहतो. यंत्राशी झुंजणारा पुष्कळदा तोच असतो, तेव्हा हे कलम त्यालाही लागू असले पाहिजे.